साहेबराव सरांचं दार

साहेबराव सर पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा मी मोरीत पाय धूत होते. बाहेर येऊन बघते तर स्वयंपाकघरात एक धिप्पाड माणूस ओट्याला टेकून उभा. एका हातात आमचाच पाण्याचा तांब्या, आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी कढईवरचं झाकण उचलून आत डोकावतोय.

"शेपू हाय व्हय," झाकण परत ठेवत ते म्हणाले. "तुमी नव्या बाई ना, हिंदीच्या? मी साहेबराव. चित्रकलेला. म्हनलं, बघून यावं, घर मिळालं का न्हाई."

म्हणजे आम्हाला घर मिळालं की नाही हे बघायला थेट आमच्या चुलीपाशी. सासूबाई देवापुढून उठून आल्या आणि त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की या माणसाला मीच आवतण दिलं असावं. सर त्यांच्या पाया पडले, खुशाली विचारली, शेपूत लसूण सढळ हातानं घालायचा असं मला सांगितलं आणि आले तसे निघून गेले. जाताना दार सताड उघडं.

मी नगर शहरातली. आमच्या घरी दूधवाल्यालासुद्धा आधी साखळी लावून फटीतून बघायची रीत. सोनईच्या शाळेत नोकरी लागली आणि आमच्या ह्यांना जवळच्याच साखर कारखान्यात फिटरचं काम मिळालं, म्हणून आम्ही इकडे आलो होतो. दुसऱ्या दिवशी शाळेत मी तणतणत ही हकीकत सांगितली, तर सगळे हसायला लागले. "अहो बाई, ते शिंगणापूरचे," एवढंच कुणीतरी म्हणालं आणि विषय संपला. माझ्यापुरता तो मुळीच संपला नव्हता.

शनिशिंगणापूर सोनईपासून अगदी जवळ. तिथल्या घरांना दारं नसतात हे साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. लांबलांबचे भाविक येतात, त्या बिनदाराच्या चौकटींपुढे उभे राहून फोटो काढतात आणि पेढे घेऊन परत जातात. पण जो माणूस अशा घरात जन्मला, रांगला, शिकला, लग्न करून तिथेच नांदला, त्याचं पुढे काय होतं याची चौकशी कुणी करत नाही. त्याचं काय होतं ते मी पाहिलं. त्याला दार दिसतच नाही. भिंत दिसते, चौकट दिसते, चौकटीतला माणूस दिसतो. मधली फळी त्याच्या हिशेबी नसतेच.

सरांच्या घरी मी पुढे अनेकदा गेले. रात्री कुत्री शिरू नयेत म्हणून चौकटीला एक फळी उभी करून ठेवायची, एवढाच तिथला बंदोबस्त. "टेकवलं की झालं," हे त्या घराचं वाक्य. सरांनी ते सगळ्या आयुष्याला लावलं होतं. मोटारसायकल भिंतीला टेकवायची, किल्ली तशीच लटकत. रंगांचं कपाट नुसतं लोटलेलं. अंगात ताप असला तरी गोळीबिळी काही नाही, जरा भिंतीला टेकायचं, झालं. एकदा मी त्यांना विचारलं, हा देवाचा धाक का? म्हणाले, "धाक कसला. देव बघतो ते त्याचं काम. मला हाताला सवयच न्हाई, बाई."

ते खरंच होतं. शाळेच्या सहलीत लॉजवर उतरलो तर सर खोलीचं दार उघडं टाकून घोरत पडलेले. मॅनेजर तावातावानं आला, तर सरच त्याला म्हणतात, "तू का जागा? झोप की." आणि एकदा, मुख्याध्यापकांच्या मुलीच्या लग्नात, कार्यालयातल्या न्हाणीघरात गेले असताना कुणीतरी बजावलं म्हणून त्यांनी कडी लावली. ती कडी बसली अडकून. इकडे अक्षता पडल्या, पंगती बसल्या, सरांचा पत्ता नाही. शेवटी ह्यांनी पाना-स्क्रूड्रायव्हर आणून दार उघडलं, तर सर उलट्या बादलीवर बसून होते. घामानं निथळत होते आणि चेहरा पांढराफटक पडला होता. हाक का मारली नाही, असं विचारलं तर म्हणाले, "म्हनलं येईलच कुनीतरी. पन दाजी, लई कोंडल्यागत हुतं हो आत." मला ते बाई म्हणत आणि ह्यांना दाजी. कुठल्या नात्यानं, हे आम्ही कधी विचारलं नाही.

तर असा हा मोकळा माणूस. त्यांना वेड होतं डोंगराचं. आमच्या बाजूला सगळं सपाट, उसाचं आणि कांद्याचं रान. डोंगर बघायचा तर अकोले गावाच्याही पुढे, राजूरच्या अंगाला जायला हवं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की हिवाळ्यात सर निघायचे. आधी एकटे जात, मग दाजींच्या ओम्नी गाडीचा शोध लागला आणि आमच्या सुट्ट्या गेल्या. ह्यांना हौस होती. मला अजिबात नव्हती. माझं आणि चढाचं कधी जमलं नाही. वर जाऊन पुन्हा खालीच यायचं तर वर कशाला जायचं, हा माझा प्रश्न होता आणि अजूनही आहे.

पण सरांबरोबर चालणं सोपं होतं, कारण सर चालायचेच नाहीत. दहा पावलं झाली की धोंडा बघून बसायचे. ह्यांचा जीव वर-खाली व्हायचा, अंधार पडेल, उशीर होईल. सर म्हणायचे, "डोंगर कुटं पळून चाललाय का दाजी? बसा." बसले की कागद काढायचे. समोर एवढे कडे आणि दऱ्या, पण हा चित्रकार त्यातलं काहीही काढायचा नाही. कुणाच्या तरी डोक्यावरची मोळी काढायचा, शेळीचे कान काढायचा. एकदा माझ्या चपलांचं चित्र काढलं, अंगठा तुटलेल्या. "डोंगर काय, कुनीबी काढतं," म्हणायचे.

आमचा मुक्काम ठरलेला असे ठकूबाईच्या खोपीत. राजूरच्या पुढे एका गावापाशी गाडी ठेवायची, तिथून दोनेक तास चढलं की वर एक पठार लागतं. तिथे कारवीच्या काठ्यांची, शेणानं लिंपलेली, गवतानं शाकारलेली एकच खोप. भोवती भाताची चार खाचरं, मागे झरा, आणि त्याच्या पलीकडे कडा. ठकूबाईचा मुलगा-सून खाली गावात राहायची. ही म्हातारी दोन शेळ्या आणि कोंबड्या घेऊन वर. उंचीनं माझ्या खांद्याएवढी, पण आवाज असा की खालच्या गावात ऐकू जावा.

तिची आणि सरांची ओळख कशी झाली हे तीच सांगायची. कधीतरी पूर्वी सर एकटे फिरत आले आणि सरळ आत जाऊन माठातलं पाणी प्यायले. ती मागून विळा घेऊन धावली. "म्या म्हनलं, दार दिसत न्हाई व्हय रं तुला? तर मलाच इचारतो, कुटंय दार?" तिच्या खोपीला दार म्हणजे कारवीची ताटी होती, ती एका बाजूला सरकवलेली. सरांना ती खरोखरच दिसली नव्हती. तेव्हापासून ती त्यांना मास्तर म्हणायची, ते तिला मावशी. तिच्या हातची नाचणीची भाकरी आणि उडदाचं घुटं, त्यावर लसणाची चटणी. मी वर जायचे ती एवढ्यासाठी, खोटं कशाला सांगू.

त्या वर्षी संक्रांत होऊन गेली होती. रविवारी सकाळी ठकूबाई खाली गावात कुणाच्या तरी हळदीला निघाली. जाताना तिनं सरांना सांगितलं, "मास्तर, तुमी झऱ्याकडं गेला तर ताटीला दोरी बांधा. गावची गुरं मोकाट हायत. गाठ मारा, नीट." सर हो म्हणाले. मी ऐकलं, ह्यांनी ऐकलं. मग आम्ही पुढे निघालो आणि सर मागून आले. झऱ्यावर दुपार कधी झाली कळलं नाही. मी पाण्यात पाय सोडून बसले होते आणि सर एका खेकड्याचं चित्र काढत होते.

परत येतो तर खोपीतून एक तांबडी गाय बाहेर निघाली. तिच्यामागून दुसरी. ताटी आडवी पडलेली, तिच्यावर खुरांचे ठसे. आत कोपऱ्यात भाताची कणगी असायची, शेणानं तोंड लिंपून बंद केलेली. ती कलंडून फुटली होती. जे खायचं ते गुरांनी खाल्लं होतं आणि उरलेलं शेणामुतात तुडवून त्याचा चिखल केला होता.

ह्यांनी सरांना विचारलं, "दोरी बांधली नव्हती?"

सर ताटीकडे बघत राहिले. "टेकवली हुती," ते म्हणाले. "वर धोंडा लावला हुता."

ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या घरी तेवढ्यानं कुत्री थांबत होती. जन्मभर थांबली होती. दोरी बांध असं म्हातारीनं सांगितलं ते त्यांनी ऐकलंही होतं, पण हातानं आपलं रोजचंच केलं.

ठकूबाई आली ती हळदीनं पिवळी होऊन, हसत. आत गेली आणि तिचा आवाजच बंद झाला. मला वाटलं होतं ती शिव्या घालेल. शिव्या परवडल्या असत्या. ती खाली बसली आणि चिखलातून एकेक दाणा वेचायला लागली. सर शेजारी बसून वेचायला लागले तर तिनं त्यांचा हात बाजूला सारला.

"मावशी, मी भरून देतो," सर म्हणाले. "नेवाशात बियाण्याचं दुकान हाय. चांगल्यातलं चांगलं आनतो."

"ह्ये पोटाचं न्हवतं मास्तर," ती म्हणाली. "पेरायचं हुतं. माज्या आयनं दिल्यालं बी. दुकानातलं हितं वाऱ्याला उबं ऱ्हात न्हाई, दोनदा पेरून बघितलंय." मग पुन्हा चिखलात वाकून वेचायला लागली. आम्ही पिशव्या उचलल्या तेव्हा तिनं मान वर केली. "आता येऊ नका तुमी," एवढंच म्हणाली.

उतरताना सर एकदाही बसले नाहीत. मला त्यांच्या मागे अक्षरशः पळावं लागलं. गाडीत बसल्यावर त्यांनी तोंड खिडकीकडे केलं आणि संगमनेर येईपर्यंत रडले. एवढा दांडगा माणूस रडताना मी पाहिला नव्हता. ह्यांनी गाडीतलं गाणं बंद केलं.

पुढच्या शनिवारी सर पुन्हा आमच्या स्वयंपाकघरात. "दाजी, निघायचं?" मी म्हटलं, तिनं येऊ नका म्हटलंय ना? "वर न्हाई जात. खाली जातो," ते म्हणाले. खालच्या गावात ठकूबाईच्या मुलानं सांगितलं की तेच बी आणखी एका घरी आहे, डोंगराच्या पलीकडच्या गावात, चिमाबाईकडे. चिमाबाई म्हणजे ठकूबाईची सख्खी धाकटी बहीण. आणि दोघींचा अबोला. किती वर्षांचा ते मुलालाही आठवत नव्हतं, कारण तो तेव्हा लहान होता.

अबोल्याचं कारण ऐकून मी कपाळाला हात लावला. आई वारल्यावर तिचं जातं कुणी घ्यायचं यावरून भांडण झालं. कुणीच माघार घेईना. शेवटी एकीनं वरचा दगड नेला, दुसरीनं खालचा. आता दोघींकडेही दळण होत नाही. दोघी गिरणीत जातात, पण दगड सोडत नाहीत.

आम्ही पलीकडच्या गावात गेलो. सर नेहमीप्रमाणे थेट आत. चिमाबाई सुपात तांदूळ पाखडत होती. पाणी पिऊन सरांनी सगळं सांगितलं, आपली चूक पहिल्यांदा. ऐकता ऐकता ती म्हातारी अशी हसायला लागली की सूप बाजूला ठेवावं लागलं. "ठकीचं बी गाईनं खाल्लं," असं दोनदा म्हणाली. मग पदरानं डोळे पुसले आणि पुसता पुसता तिचं हसू गेलं.

"समदं गेलं?" तिनं विचारलं.

"दोन ओंजळी निघालं असंल," सर म्हणाले.

"बी देते म्या. पन तुमच्या हाती न्हाई. आमच्यात ज्याला पेरायचं त्यानं यावं नि पदरात घ्यावं. तिला म्हनावं, ये."

झालं. तिथून सरांच्या फेऱ्या सुरू झाल्या. शिमगा आला, उन्हं तापली, तरी दर शनिवारी हा माणूस डोंगराच्या या अंगाला नाहीतर त्या अंगाला. ठकूबाई त्यांच्याशी बोलत नसे. सर खोपीच्या बाहेर ओट्यावर बसून निरोप सांगायचे आणि ती आतून शेळ्यांशी बोलल्यासारखी उत्तर द्यायची. "मरंन, पर तिच्या दारात जानार न्हाई." नंतर नंतर उत्तर जरा नरम झालं. "घर उघडं टाकून कुटं जाऊ? येकडाव टाकलं तर काय झालं बगितलंय न्हवं." रोहिणीत पेरायचं तर दिवस थोडे राहिले होते. बी मिळालं नाही तर ती चार खाचरं पडीक राहणार आणि म्हातारी खाली मुलाकडे जाऊन बसणार, असं तिचा मुलगाच म्हणत होता. तिला खाली करमत नाही हेही तोच म्हणत होता.

एका संध्याकाळी सर आमच्या बाहेरच्या खोलीत येऊन बसले आणि आमच्या दाराचं चित्र काढायला लागले. चहा झाला, दुसरा चहा झाला. बिजागरी, फळ्या, कडी, कोयंडा, सगळं बारकाईनं. मी विचारलं, हे काय नवीन? "मावशीच्या खोपीला दार करतोय," ते म्हणाले. मी हसले. ते मात्र कागदावरून मान वर न करता रेघा मारत राहिले.

शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत त्यांनी बाभळीच्या फळ्या आणून टाकल्या. सुतारानं मदत करतो म्हटलं तर नाही. "माज्या हातनं गेलं, माज्याच हातनं व्हायला पायजे." बोटं ठेचून घेतली, दोन फळ्या उलट्या कापल्या. शिंगणापुरात ही बातमी पोचली तेव्हा लोक हसून लोळायचे बाकी राहिले. आपल्या गावचा माणूस दार करतोय. सरांच्या आईचं वय झालं होतं, तिला नीट ऐकू यायचं नाही, तिचा गैरसमज झाला आणि तिनं जेवणच सोडलं. "आपल्या घराला दार? कुनाच्या भ्यानं?" सरांना तिच्या कानाशी जाऊन ओरडून सांगावं लागलं की आपल्या न्हाई आये, दुसऱ्याच्या. तेव्हा कुठे ती जेवली.

सुट्टी लागल्यावर आम्ही ते दार वर नेलं. चौकट ह्यांच्या डोक्यावर, दार सरांच्या पाठीवर, आणि मी हातात बिजागऱ्यांची पिशवी घेऊन दोघांना सांभाळा सांभाळा म्हणत मागून. मे महिन्याचं ऊन, सावली म्हणून कुठे नाही. त्या चढावर मी सरांना, ह्यांना, गाईला आणि सगळ्या शिंगणापूरला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. त्या जूनमध्ये माझी बदली नगरला झाली, तेव्हा सरांबरोबरची ती माझी शेवटची पायपीट ठरली. सर आता निवृत्त होऊन शिंगणापुरात असतात. फोन करतात तेव्हा आधी भाजी काय केली ते विचारतात.

शनिवारी संध्याकाळी आम्ही पोचलो. ठकूबाईनं आम्हाला बघितलं, दार बघितलं आणि शेळ्या बांधायला गेली. आम्ही घरून आणलेला डबा खाऊन अंगणातच झोपलो. रविवारी उजाडताच सर कामाला लागले. ताटी काढली, चौकट रोवली, दगड ठासले, दार टांगलं. ते जरा तिरकं बसलं होतं, पण बसलं होतं. सर मागे सरून उभे राहिले. मुलांची चित्रं तपासताना ते असेच उभे राहत, पण तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम नसे.

ठकूबाई आली. दार उघडून पाहिलं, लावून पाहिलं. आत जाऊन कडी घातली, काढली. कडी छान बसत होती. मग ती बाहेर आली, दार ओढून घेतलं आणि बाहेरून हात फिरवायला लागली. वर फिरवला, खाली फिरवला. बाहेरच्या बाजूला काहीच नव्हतं. ना कडी, ना कोयंडा.

"मास्तर," ती म्हणाली. संक्रांतीनंतर पहिल्यांदाच तिनं त्यांना हाक मारली होती. "म्या भाईर गेले तर ह्ये लावायचं कसं?"

सर दारापाशी गेले. आतून पाहिलं, बाहेरून पाहिलं. मला एकदम सगळं उमजलं. ते आमच्या बाहेरच्या खोलीत बसले होते, घराच्या आत, चहा पीत. जे दिसलं ते त्यांनी काढलं, आणि जे काढलं तेच केलं. दाराला बाहेरची बाजूही असते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आमचे हे फिटर, चौकट डोक्यावर घेऊन आले, त्यांच्याही ते लक्षात आलं नाही.

"आतनं लावायचं," सर म्हणाले.

"मग आत कोन बसंल?" म्हातारीनं विचारलं आणि तिला हसू आवरेना. ती ओट्यावर बसली, गुडघ्यांवर हात आपटत हसत राहिली. आम्हीही हसायला लागलो. सर तेवढे हसत नव्हते.

"मी बसतो," ते म्हणाले. "तुमी चिमाबाईकडं जावा. तुमी येईस्तवर मी आत बसतो, कडी लावून."

ठकूबाईचं हसणं थांबलं. घर उघडं टाकून कुठे जाऊ, हे तिचं शेवटचं कारण होतं आणि ते आता उरलं नव्हतं. ती उठून आत गेली, धुतलेलं लुगडं नेसून आली आणि रिकामी पाटी काखेत घेतली. "कडी लावून बस," एवढं सांगून पलीकडच्या वाटेला लागली. पाठमोरी, भराभर, मागे न बघता.

सर आत गेले आणि त्यांनी कडी लावली. आम्ही बाहेर जांभळीखाली बसलो. सकाळ गेली, ऊन डोक्यावर आलं, दुपार कलली. त्या खोपीला खिडकी नाही. मी म्हटलं, सर, दार उघडून बसा ना, गुरं आली तर आम्ही आहोत हाकायला. आतून आवाज आला, "न्हाई. त्यांनी लावून बस म्हनलंय." थोड्या वेळानं पुन्हा, "बाई, काय तरी बोलत ऱ्हावा हो. लई गदमदतंय." मग मी दाराला पाठ लावून बसले आणि सुचेल ते बोलत राहिले. शाळेतल्या चहाड्या, सासूबाईंचं दुखणं, शेपूची भाजी. ते आतून हं, हं म्हणत होते. भाकरीचं पीठ ठकूबाईच्या डब्यात होतं, पण तिच्या डब्याला हात लावायचा नाही असं त्यांनी ठरवलेलं. आमच्याकडे एक बिस्किटाचा पुडा होता तो फटीतून सरकवला, तर परत बाहेर आला. "तुमाला उतरायचंय. तुमी खावा."

ह्यांना सोमवारी पहाटेची पाळी होती. उन्हं उतरायला लागली तसं आम्हाला थांबणं शक्य नव्हतं. मी दारावर हात मारून सांगितलं, "सर, आम्ही निघतो. ती आज आलीच नाही तर?"

"येतील," ते आतून म्हणाले. "न्हाई आल्या तर उद्या येतील. तुमी जावा. मी हाय."

वळणावरून मी मागे पाहिलं. पठारावर ती एवढीशी खोप आणि तिला ते नवं, तिरकं, बंद दार. आत सर होते. ह्यांना म्हटलं, ती बहिणीशी भांडून रुसून बसली असेल तर हा वेडा माणूस आठवडाभर उठायचा नाही.

खाली खिंडीत पलीकडच्या गावची वाट येऊन मिळते. तिथे पोचलो तर समोरून दोघी येत होत्या. पुढे ठकूबाई, पदराखाली दोन्ही हातांनी पाटी पोटाशी धरलेली. मागे, चांगलं अंतर ठेवून, चिमाबाई, तिच्या डोक्यावर एक गोल, दगडासारखं जड गाठोडं. दोघींची तोंडं दोन दिशांना. रस्ताभर एक शब्दही झाला नसावा अशा त्या चालत होत्या.

आम्हाला बघून ठकूबाई थांबली. पदर बाजूला झाला तेव्हा मी पाटीत पाहिलं. काठोकाठ भात होता, बारीक, लालसर.

"मास्तर हाय का गेला?" तिनं विचारलं.

"आहेत," मी म्हटलं. "आत बसलेत, कडी लावून."

"जेवला का त्यो?"

"नाही. सकाळचा चहा तेवढा."

ठकूबाईनं मागे वळून बहिणीकडे पाहिलं.

"चिमे, पाय उचल की गं," ती म्हणाली. "लेकरू उपाशी बसलंय वर."

चिमाबाईनं डोक्यावरचं गाठोडं सावरलं आणि दोघी चढाला लागल्या.